रामबागेतला माड : थंडीनं गेला, की अजून आहे?

रामबागवाली | ५ फेब्रुवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

इंदूरला रामबागेत आमचं जुनं घर आहे आणि मागच्या अंगणात एक माड आहे. माझ्या सासूबाई गुहागरच्या. २०१२ साली माहेरून परत येताना त्यांनी कोंब फुटलेला एक नारळ सोबत आणला. मुंबईहून अवंतिका एक्स्प्रेसनं रात्रभर तो मांडीवर धरून बसल्या होत्या, बर्थवर ठेवला तर कोंब मोडेल म्हणून. त्याचा हा माड. १३ वर्षांत खोड जेमतेम नऊ फूट झालंय. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी त्याला पहिल्यांदा पोय, म्हणजे फुलोरा, आली. ती उघडली तेव्हा घरात सगळ्यांना पेढे दिले. सुपारीएवढी बोंडं धरली होती, महिनाभरात सगळी गळून गेली. हे बघायला सासूबाई नव्हत्या, त्या २०२१ मध्येच गेल्या.

या जानेवारीत आठ-नऊ रात्री सलग पारा सहा-सातवर होता. आता बाहेरचे झाप टोकापासून करपलेत, आणि मधलं मिटलेलं पान अर्ध्यापर्यंत गवताच्या रंगाचं झालंय. तीन जण येऊन बघून गेले, तिघंही म्हणाले की गेला. माझ्या दिरांना ते अंगण फरशी घालून गाडीसाठी हवंय. महिनाअखेरीला झाड तोडणारा माणूस येणार आहे.

माझे दोन प्रश्न. माड खरंच मेलाय का, हे कसं ओळखायचं? आणि जिवंत असेल तर इंदुरात त्याला कधी नारळ लागेल का?

खरं काय ते सांगा. मेला असेल तर तेही ऐकायची तयारी आहे.

---

नवी_पालवी | ५ फेब्रुवारी, रात्री १०.०५

काकू, मधल्या पानाचा जवळून फोटो मिळेल का? बाहेरची पानं करपणं वेगळं आणि मधलं जाणं वेगळं.

---

ग्वाल्हेरकर | ५ फेब्रुवारी, रात्री ११.२०

वहिनी, तीनदा हात पोळलेला माणूस म्हणून लिहितो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी मी तीन वेळा माड लावला. एकदा अलिबागहून रोप आणलं, दोनदा इथल्याच नर्सरीतून घेतलं. तिसऱ्याला पोत्याची झोपडी केली, रात्री आत दिवा लावून ठेवला. चार वर्षं जगला, पाचव्या जानेवारीत गेला. आमच्याकडे धुक्यात दिवसदिवस ऊन नसतं आणि रात्री पारा दोन-तीनवर येतो. हे झाड त्यासाठी घडलेलंच नाही.

मधलं पान गेलं म्हणजे संपलं. आंब्याला खालून फुटवा येतो, लिंबाला येतो, याला येत नाही. मन घट्ट करा आणि त्या जागी काही दुसरं लावा.

---

आगरवासी | ६ फेब्रुवारी, सकाळी ६.१५

ताई, मी गुहागरचाच. घरचं आगर आहे, ७० माड आहेत. आधी सांगतो, तोडू नका. निदान इतक्यात नको.

ग्वाल्हेरकर म्हणतात त्यातलं अर्धं बरोबर आहे. माडाला एकच कोंब, शेंड्याच्या आत, झापांच्या बुडख्यांनी वेढलेला. तो गेला की माड गेला, खालून काही फुटत नाही. पण मधलं पान करपणं म्हणजे कोंब जाणं नव्हे. जे पान तुम्हाला दिसतंय ते कोंबापासून हातभर वर आलेलं असतं. ते वाऱ्यात उघडं असतं, कोंब आत ऊबेला असतो.

आम्ही असं करतो. शिडी लावून वर जायचं. मधलं मिटलेलं पान मुठीत धरून हलकेच वर ओढायचं. सहज उपटून हातात आलं आणि बुडाला कुजका वास आला, तर कोंब सडलाय. घट्ट असेल तर उतरा, पण त्याआधी एक खूण करून ठेवा. मिटलेल्या पानावर आणि त्याला लागून असलेल्या उघड्या पानाच्या दांड्यावर एकाच सरळ रेषेत रंगाची एक आडवी रेघ मारायची. मिटलेलं पान वाढलं तर त्याच्यावरची रेघ वर सरकते, शेजारची तिथंच राहते. दहा-बारा दिवसांत कळतं.

खोडाला कुणालाही कोयता लावू देऊ नका, ‘आत ओलं आहे का बघू’ म्हणून तर मुळीच नाही.

---

बायो_मास्तर | ६ फेब्रुवारी, सकाळी ८.३०

आगरवासींच्या पोस्टला जोडून लिहितो. मी देवासला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो आणि या झाडावर बोलायला मला दरवर्षी एक तास कमी पडतो.

आपण माडाला झाड म्हणतो, पण त्याची घडण गवताच्या, बांबूच्या बाजूची आहे. आंबा, निंब, वड यांच्या सालीखाली वाढीचा एक पातळ थर असतो. त्यानं खोड दरवर्षी जाड होतं, जखम भरून येते, आत वर्तुळं पडतात. माडाला तो थरच नाही. त्याचं खोड शेंड्याशी एकदा जेवढं जाड तयार झालं तेवढंच जन्मभर राहतं. म्हणून माडाला साल नाही, वर्तुळं नाहीत, फांद्या नाहीत, आणि जखम भरणंही नाही. खोडावरच्या त्या कड्या म्हणजे गळून गेलेल्या झापांच्या खुणा. आगरवासी ‘कोयता लावू देऊ नका’ म्हणाले ते याचसाठी. ती खाच माड असेपर्यंत राहते.

एका बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे. दहा-बारा दिवस हा हिशोब गुहागरचा. तिथं माडाला वर्षाला १२ ते १४ झाप येतात, म्हणजे महिन्याला एक. इंदूरच्या फेब्रुवारीत रात्री अजून गार आहेत. माडाला सरासरी २७ अंशांच्या आसपास हवा मानवते, थंडीत त्याची वाढ थांबते. थांबलेली वाढ आणि मेलेला कोंब, दोन्हींत रेघ हलत नाही. काकू, दहा दिवसांत काही दिसलं नाही म्हणून घाबरून निर्णय घेऊ नका. मार्च तापू द्या.

---

रामबागवाली | ६ फेब्रुवारी, दुपारी १.१०

मनापासून आभार. ‘कोंब आत ऊबेला असतो’ हे वाचून मी अंगणात जाऊन उभी राहिले. रविवारी पुतण्याला शिडीवर चढवते.

---

सराफ्यातला | ६ फेब्रुवारी, दुपारी ३.००

काकू, माड जगू दे. मी इंदूरचाच, मला त्यातलं काही कळत नाही, पण खोपऱ्यावर माझं प्रेम आहे. खोपरा पॅटीस खाऊन मोठा झालो. बटाट्याच्या आवरणात ओला किसलेला नारळ, त्यात हिरवी मिरची, कोथिंबीर, थोडी साखर. तेलातून काढल्या काढल्या मोडावा, आतून वाफ यावी, वर हिरवी चटणी. ज्या गावात नारळ पिकत नाही त्या गावानं नारळाचा इतका सुंदर पदार्थ आपला करून घेतला, याचा मला अभिमान वाटतो. रामबागेतल्या नारळाचा एक पॅटीस झाला तर मी चालत येईन.

आणि आजीचं कोडं आठवलं. झाडावर राहतो पण पाखरू नाही, तीन डोळे पण शंकर नाही, पाणी वाहतो पण ढग नाही. एक शंका : ते तीन डोळे कशासाठी असतात?

---

बायो_मास्तर | ६ फेब्रुवारी, संध्याकाळी ५.४५

@सराफ्यातला, चांगला प्रश्न. फुलातला बीजकोश तीन भागांचा असतो, प्रत्येकाचा एक डोळा. त्यातला एकच भाग फळतो, उरलेले दोन मिटून जातात. त्या एका भागाचा डोळा मऊ असतो. सळई त्यातूनच आत जाते आणि कोंबही त्यातूनच बाहेर येतो. बाकीचे दोन करवंटीइतकेच टणक. पुढच्या वेळी नारळ वाढवण्याआधी अंगठ्यानं दाबून बघ.

पाण्याचंही सांगतो. ते पाणी आणि खोबरं मुळात एकच, कोंबासाठी बांधून दिलेली शिदोरी. आधी नुसतं पाणी असतं. पाच-सहा महिन्यांनी करवंटीच्या आतून मलई धरू लागते, बारा महिन्यांत ती घट्ट खोबरं होते. नारळ रुजायला लागला की आत पांढरा, गोडसर, स्पंजासारखा गोळा वाढतो. तो ही सगळी शिदोरी शोषून कोंबाला पोचवतो. काकूंच्या सासूबाईंनी रात्रभर मांडीवर धरला होता त्याच्या पोटात हाच गोळा होता. माती नसतानाही महिनोन् महिने कोंब जगतो तो त्याच्यावर. समुद्रातून तरंगत जाऊन परक्या किनाऱ्यावर रुजता येतं, तेही सोडण (वरचं काथ्याचं आवरण) आणि ही शिदोरी दोन्ही असल्यामुळे.

---

बडोद्याची_माई | ६ फेब्रुवारी, रात्री ९.१५

‘नारळ वाढवणे’ वाचून बरं वाटलं. आमच्याकडे गुजरातीतही नारळ फोडत नाहीत, ‘वधेरतात’. शब्द एकाच घरातले वाटतात.

माझ्या दांडिया बाजारातल्या माहेरी माड होता, आता आम्ही राहतो त्या सोसायटीतही दोन आहेत. दोघांना नारळ लागतात. कोकणासारखे लगडत नाहीत, पण श्रावणात नारळीभाताला घरचा नारळ असतो. मग इंदुरात का नाही? नकाशात पाहिलं तर बडोदा २२.३ अंशांवर आणि इंदूर २२.७ वर. एवढासाच फरक आहे!

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी सोसायटीत शिरलं. जांभळाचं झाड आडवं झालं, माड उभे राहिले.

---

काळी_माती | ७ फेब्रुवारी, सकाळी ७.५०

माई, फरक उंचीचा आहे. बडोदा समुद्रसपाटीपासून तीसचाळीस मीटरवर आणि खंभातच्या आखाताजवळ. इंदूर माळव्याच्या पठारावर, साडेपाचशे मीटरवर. हिवाळ्यात उत्तरेचा वारा इथं मोकळा येतो आणि एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी होते की दोरीवरचा कपडा अर्ध्या तासात वाळतो.

‘समुद्राशिवाय माड होत नाही’ असंही कुणी म्हणेल, तर तेही खरं नाही. कर्नाटकात तिपटूर किनाऱ्यापासून चांगलं आत, ८०० मीटरहून उंच, आणि तिथलं सुकं खोबरं देशभर जातं. पण ते १३ अंशांवर आहे, तिथला जानेवारी आपल्यासारखा नसतो. नुसती उंची असती तर चाललं असतं, नुसतं उत्तरेला असणंही बडोद्यात चालतंय. आपल्याकडे दोन्ही एकत्र आलेत.

आता माती. इंदूरची काळी कपाशीची माती पावसात फुगते, पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माडाची मुळं पेन्सिलीएवढी, जाड न होणारी. मोठ्या माडाला अशी ४,००० ते ७,००० मुळं असतात, आणि बहुतेक सगळी खोडापासून दोन मीटरच्या आत. भेग पडली की ती तुटतात. म्हणून उन्हाळ्यात आळ्यावर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन हवंच. माडाचेच वाळलेले झाप आणि सोडणं घाला.

(याच कारणानं तुमच्या दिरांना सांगा, घराच्या पायाला माडाच्या मुळांचा धोका नाही.)

---

कोकणकन्या | ७ फेब्रुवारी, सकाळी ११.००

मीठ घाला! आमच्याकडे बाबा दर माडाला पावसाळ्याच्या तोंडावर किलोभर जाडं मीठ घालतात. माडाला खारं लागतं. समुद्राजवळ उगीच होतो का तो?

---

काळी_माती | ७ फेब्रुवारी, दुपारी १२.३०

कृपा करून इंदुरात मीठ घालू नका. तुमच्या बाबांचं कोकणात चुकत नाही. वाळू आणि जांभ्याच्या जमिनीत पाऊसच इतका की मीठ धुऊन जातं. काळ्या मातीत मिठातलं सोडियम चिकणमातीला धरून बसतं आणि माती दगडासारखी बसते. एकदा तशी झाली की सुधारायला वर्षं जातात.

---

आगरवासी | ७ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.१०

मीठ नको म्हणता ते मातीपुरतं पटतं. पण माडाला मिठाचा उपयोग नाही असं कुणी समजू नये. पिढ्यान् पिढ्या घातलंय आणि फरक डोळ्यांनी पाहिलाय.

---

काळी_माती | ७ फेब्रुवारी, रात्री ८.००

उपयोग आहेच, अण्णा. माडाला क्लोरीन लागतं, आणि फार थोड्या पिकांना ते इतकं लागतं. मिठातून त्याला तेच मिळतं. आम्ही ते म्युरेट ऑफ पोटॅशमधून देऊ शकतो, कारण ते पोटॅशियम क्लोराईडच आहे. पालाशही मिळतं, क्लोरीनही, आणि सोडियम टळतं. तुमचा अनुभव आणि आमची माती, दोन्ही सांभाळलं जातं.

खतासाठी बाहेर बघायची गरज नाही. आपल्या इंदुरातच १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड यांनी वनस्पती संशोधनाची संस्था उभी केली, आज कृषी महाविद्यालय आहे तिथं. पालापाचोळा, शेण, माती, राख थरांनी रचून, वेळेवर उलटून खत करायची पद्धत त्यांनी इथं बसवली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. रामबागेतल्या माडाला इंदूर पद्धतीचं खत मिळावं असं मला फार वाटतं. पण खत पूर्ण कुजलेलं हवं. अर्धवट कुजलेल्या शेणात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि मोठा झाला की माडाचाच शेंडा पोखरतो. नव्या झापाला कात्रीनं कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले की समजायचं.

---

रामबागवाली | ९ फेब्रुवारी, रात्री ८.२५

आज शिडी लावली. पुतण्या वर, मी खाली शिडी धरून.

मधलं पान ओढलं, आलं नाही. वासही नाही. त्याच्या बुडाशी चिमटीएवढा हिरवा-पिवळा रंग दिसतो म्हणाला. रेघ मारायला रंग नव्हता, तर पुतणीनं लाल नेलपॉलिशची बाटली वर दिली. दोन रेघा मारल्या, एक मिटलेल्या पानावर, एक शेजारच्या दांड्यावर, बरोबर सरळ.

वर चढताना त्याला दोन गोष्टी दिसल्या. एक, माझ्या कमरेच्या उंचीवर खोड बारीक झालंय, वर पुन्हा जाड. जणू कुणी कमरपट्टा आवळलाय. दुसरी, डोक्याच्या उंचीवर एक मोठा खिळा. तो कपड्यांच्या दोरीसाठी मीच ठोकून घेतला होता, सहा-सात वर्षांपूर्वी. आजूबाजूचं लाकूड काळं पडलंय, त्यातून तांबूस पाणी सुकल्यासारखं दिसतं. मास्तरांनी जखम भरत नाही लिहिलं होतं ते डोळ्यांसमोर आलं. मला रडू आलं.

---

बायो_मास्तर | ९ फेब्रुवारी, रात्री ९.३०

काकू, खिळ्यानं माड मरत नाही. तो आता ओढून काढू नका, ठेवा तसाच. फक्त दोरी सोडवा.

कमरपट्ट्याबद्दल. खोड शेंड्याशी तयार होतानाच जाड किंवा बारीक होतं आणि मग कायम तसंच राहतं. जिथं बारीक आहे तो भाग तयार होत असताना माडाचे हाल झाले होते. पाणी कमी पडलं असेल, मुळं तुटली असतील किंवा उपासमार झाली असेल. वर पुन्हा जाड झालाय म्हणजे त्यानंतर तो सावरला. त्या सुमारास घरी काय झालं होतं, आठवतं?

---

रामबागवाली | ९ फेब्रुवारी, रात्री १०.५०

आठवतं. २०१६-१७ ला मागची भिंत पाडून नवी बांधली. चुना-विटांचा सगळा ढिगारा वर्षभर माडाच्या बुडाशी होता. सासूबाई रोज म्हणायच्या, त्याचा गळा दाबलाय तुम्ही, काढा ते. आम्ही आज काढू, उद्या काढू म्हणत राहिलो. शेवटी ७४ वर्षांच्या बाईनं घमेल्यानं स्वतः काढायला सुरुवात केली, तेव्हा आम्ही सगळे लागलो.

---

नवी_पालवी | ९ फेब्रुवारी, रात्री ११.०५

काकू, हे वाचून गप्प झाले. त्यांनी ते घमेलं उचललं म्हणून वरचं खोड पुन्हा जाड झालं.

---

निमाडी_माणूस | ११ फेब्रुवारी, दुपारी २.२०

जरा विषयांतर, पण कामाचं. मी मंडलेश्वरला असतो. पठार उतरून खाली नर्मदेकाठी आलं की थंडी निम्मी होते. आमच्या गल्लीत दोन माड आहेत, हिवाळ्यात त्यांना काही होत नाही. इंदूरकर नर्मदेचं पाणी इथूनच, जलूदहून वर घेतात. म्हणजे रामबागेतला माड पाणी निमाडचं पितो आणि थंडी माळव्याची सोसतो.

थंडीच्या रात्रींसाठी आमचे शेतकरी ‘पाला’ पडेल, म्हणजे दव गोठेल, असं वाटलं की संध्याकाळी पाणी देतात. ओली जमीन रात्री ऊब सोडते. लहान झाडाला रात्री गोणपाट गुंडाळून सकाळी सोडायचं. नऊ फुटांच्या माडालाही शिडीनं जमेल. झाप वर गोळा करून सुतळीनं सैल बांधा, म्हणजे कोंबावर पांघरूण होतं.

---

ग्वाल्हेरकर | ११ फेब्रुवारी, रात्री ९.००

वहिनी, माझं पहिलं उत्तर घाईचं होतं. तुमच्याकडचं मधलं पान घट्ट आहे, माझं तिसऱ्या दिवशी हातात आलं होतं. थांबा. मीही तुमच्या रेघेची वाट बघतोय.

---

रामबागवाली | २४ फेब्रुवारी, सकाळी ७.३०

पंधरा दिवस झाले. दोन्ही रेघा एका ओळीत आहेत, केसभरही फरक नाही. परवा तोडणारा येणार. काल रात्री भाऊजी म्हणाले, “वहिनी, तुमचा जीव अडकलाय कळतं, पण मेलेलं झाड घरात ठेवू नये.” त्यांचं बोलणं वाईट हेतूचं नाही. आईची आठवण त्यांनाही आहे. मला काय बोलावं कळेना.

---

आगरवासी | २४ फेब्रुवारी, सकाळी ७.५५

ताई, मास्तरांचं बरोबर होतं, माझा हिशोब गुहागरचा होता. रात्रीचा पारा किती आहे तिथं?

---

काळी_माती | २४ फेब्रुवारी, सकाळी ८.४०

मी इंदुरातच आहे. रात्री अजून बारा-तेरा. दोन आठवड्यांत सोळा-सतराच्या वर जाईल. दिरांना एकच विचारा, तीन आठवडे थांबल्यानं फरशीचं काय अडतं? माड मेलेला असेल तर तेव्हाही मेलेलाच असेल. पण आज तोडला आणि आत कोंब जिवंत निघाला, तर तो पुन्हा जोडता येणार नाही. ते ऐकणार नसतील तर मी येऊन बोलतो. रामबाग माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे.

---

रामबागवाली | २४ फेब्रुवारी, रात्री ९.१०

बोलले. २० मार्चपर्यंत थांबायला तयार झाले. ‘काळी माती’ यांची पोस्ट त्यांना मोबाईलवर वाचायला दिली होती.

---

सराफ्यातला | १ मार्च, रात्री ८.३०

एक विचारू? जगलाच तर नारळ लागणार का, हा काकूंचा दुसरा प्रश्न राहिलाच की.

---

बायो_मास्तर | १ मार्च, रात्री १०.१५

बरं झालं आठवण केलीस. तीन अडचणी आहेत.

पहिली, फुलाची. माडाच्या एकाच पोयीत नर आणि मादी फुलं असतात. वर हजारो बारीक नरफुलं, खाली थोडी गोल मादीफुलं. उंच जातीत नरफुलं आधी उमलून पंधरा-वीस दिवसांत झडतात आणि मग मादीफुलं तयार होतात. त्यामुळे तिला दुसऱ्या माडाचा पराग लागतो. ठेंगण्या जातीत दोन्ही वेळा जुळतात, ती स्वतःची स्वतः फळते. गुहागरहून आलेला माड बाणवली असणार, म्हणजे उंच. रामबागेत तो एकटा आहे. बोंडं गळायचं हे एक कारण असू शकतं. बडोद्याच्या माईंकडे दोन माड आहेत, हे लक्षात घ्या.

दुसरी, वेळेची. माडाच्या प्रत्येक झापाच्या बगलेत एक पोय असते आणि ती बाहेर येण्याच्या अडीच वर्षांहून आधी आत घडायला लागते. आजच्या थंडीचा फटका पुढच्या दोन-तीन वर्षांच्या पोयींवर दिसेल. म्हणून आज खत घातलं आणि दिवाळीला नारळ, असं होत नाही.

तिसरी, धरलेलं फळ बारा महिने झाडावर राहतं. म्हणजे प्रत्येक नारळाला एक आख्खा इंदुरी हिवाळा काढावाच लागतो.

तरी अशक्य म्हणणार नाही. घरापुरते चारसहा नारळ धरू शकतात.

---

सुदामानगर_इंदूर | २ मार्च, दुपारी १२.००

धागा रोज वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितो. माझ्या घरी ठेंगणा माड आहे, नारिंगी शहाळ्यांचा. दक्षिणेच्या भिंतीला लागून आहे म्हणून थंडी कमी बाधते. त्याला पोयी येतात. काकूंच्या माडाला पुन्हा पोय आली तर माझ्याकडची नरफुलं वाळवून पराग देईन, मऊ ब्रशनं लावता येतो.

---

रामबागवाली | १६ मार्च, सकाळी ६.५०

रात्रभर झोप नाही. उजाडल्या उजाडल्या मीच शिडी चढले, साडी खोचून.

मिटलेल्या पानावरची लाल रेघ वर गेली आहे. शेजारची आहे तिथंच. मध्ये माझी चार बोटं बसली. रेघेच्या खाली जे नवं आलंय ते करपलेलं नाही, लोण्यासारखं पिवळट आहे आणि बोटाला गार लागतं.

---

आगरवासी | १६ मार्च, सकाळी ६.५८

देवा! जिवंत आहे, ताई.

---

ग्वाल्हेरकर | १६ मार्च, सकाळी ७.२०

सकाळी सकाळी डोळे भरून आले. अभिनंदन वहिनी.

---

काळी_माती | १६ मार्च, सकाळी ८.००

फार आनंद झाला. आता कामाचं. पान उघडेल तेव्हा त्याचा वरचा भाग वाळका, चुरगळलेला निघेल, पुढची दोन-तीन पानंही तशीच निघतील. घाबरू नका. ती कोंबात असतानाच थंडीत सापडलेली आहेत. करपलेले झाप हिरवा भाग शिल्लक असेपर्यंत कापू नका, माड त्यातलं अन्न ओढून घेतो. शेंड्यात बुरशी लागू नये म्हणून बुडख्यांना बोर्डो मलम लावा : १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १०० ग्रॅम कळीचा चुना, एक लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे, प्लास्टिकच्या नाहीतर मातीच्या भांड्यात विरघळवा आणि मग एकत्र करा. लोखंडाची स्वच्छ सुरी बुडवून बघा. तिच्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय.

---

रामबागवाली | १६ मार्च, रात्री ९.४५

भाऊजींना शिडीवर चढवलं. ते बराच वेळ वरच राहिले. खाली येऊन म्हणाले, गाडी पुढच्या बाजूला लावतो, पण फाटक दोन फूट रुंद करावं लागेल. मग दोरी सोडवली आणि खिळ्याला हात लावून बघितला. “हा राहू दे म्हणालेत ना?” विचारलं. राहू दे म्हणालेत, म्हटलं.

मोरचूद सियागंजातून मिळेल असं ते म्हणतात, उद्या आणतील. कळीचा चुना पानवाल्याकडचा चालेल, की रंगवाल्याकडूनच घेऊ?

---

काळी_माती | १६ मार्च, रात्री १०.०२

रंगवाल्याकडचा, न विरघळवलेले खडे. पानवाल्याचा आधीच भिजलेला असतो, त्याचं माप चुकतं. रविवारी मी येतो, मिळून करू.